पालकत्व ‘रद्द’ करणारा अर्ज नसतो: ताबा, समिती आणि सरेंडरचे साठ दिवस

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात एक प्रश्न हमखास कानावर पडतो. “दारू पितो, पोरीला मारतो, तीन वर्षांत एक रुपया दिला नाही. बाप म्हणून त्याचे सगळे हक्क कायमचे काढून टाकायचेत. अर्ज कुठे करायचा?” बाईचा त्रास खरा असतो, राग रास्त असतो, पण असा अर्ज आपल्या कायद्यात नाही. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर चुकीच्या अर्जाच्या मागे तारखांवर तारखा जातात आणि मूल तोवर आहे तिथेच राहतं.

ही कल्पना बहुतेक अमेरिकी मालिकांमधून आली आहे. तिकडे ‘टर्मिनेशन ऑफ पॅरेंटल राइट्स’ अशी वेगळी कारवाईच असते. तिथल्या १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखभालीत राहिलं, की काही अपवाद सोडले तर राज्याने आई-वडिलांचे हक्क संपवण्यासाठी कोर्टात जायचं असतं. आपल्याकडे हेच काम तीन टेबलांवर वाटलेलं आहे. मूल कुणाजवळ राहील हे कौटुंबिक न्यायालय ठरवतं. मूल धोक्यात असेल तर त्याला बाहेर काढणं बालकल्याण समितीच्या हातात आहे. जन्मदात्यांशी असलेलं कायद्याचं नातं तुटतं ते दत्तकाच्या आदेशाने, आणि बालन्याय कायद्याखाली तो आदेश आता जिल्हाधिकारी देतात.

आधी कौटुंबिक न्यायालयाचं पाहू. अर्ज १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली होतो. जिथे मूल नेहमी राहतं तिथलं न्यायालय, हा कलम ९ चा नियम. मुलगी हडपसरला आजीकडे राहून तिथल्याच शाळेत जात असेल आणि बाप साताऱ्याला असेल, तर अर्ज पुण्यात. त्यासाठी शाळेचं बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद आणि भाडेकरार लावा. मारहाणीच्या तक्रारी पोलिसांनी अदखलपात्र म्हणून नोंदवल्या असतील तर त्या एनसीच्या प्रतीही लावा. अनेकजणी “एनसीला काय किंमत” म्हणून त्या टाकून देतात. पण एकाच माणसाविरुद्ध दोन वर्षांत पाच एनसी असतील तर न्यायाधीशांना त्यात एक सलग चित्र दिसतं. पोटगीचा आदेश असेल तर थकबाकीचा महिनावार तक्ता करा. “काहीच देत नाही” या वाक्यापेक्षा तो तक्ता जास्त बोलतो. निकालाला वेळ लागणार असतो, म्हणून कलम १२ खाली अंतरिम ताबा आणि संरक्षण पहिल्याच अर्जात मागून ठेवा.

वडील अपात्र आहेत असं न्यायालयाला पटलं तर ते ताबा नाकारू शकतं. भेट न्यायालयाच्या आवारात, देखरेखीखाली ठेवू शकतं किंवा बंदही करू शकतं. मुलाला शाळेतून परस्पर नेण्यास मनाई करू शकतं. बाईला रोजच्या जगण्यात जे हवं असतं, त्यातलं बरंचसं इथेच मिळतं. मात्र बाप हा बापच राहतो. पोटगीची जबाबदारी कायम राहते (१ जुलै २०२४ पासून ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागतात) आणि मुलाचा वारसाहक्कही राहतो. “नातंच तोडून टाका” म्हणताना या दोन गोष्टी लेकराच्या फायद्याच्या आहेत, हे रागाच्या भरात विसरलं जातं.

एक चूक वकिलांकडूनही होते. पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम ३९ मध्ये पालकाला दूर करण्याची कारणं दिली आहेत: वाईट वागणूक, कर्तव्यात सतत कसूर, गुन्ह्यात शिक्षा वगैरे. ते वाचून बापाविरुद्ध थेट त्याच कलमाखाली अर्ज टाकला जातो. पण ते कलम न्यायालयाने नेमलेल्या किंवा मृत्युपत्राने नेमलेल्या पालकासाठी आहे. जन्मदात्या बापाचा प्रश्न कलम १७, १९ आणि २५ मधून सोडवायचा असतो. तिथे कसोटी मुलाच्या हिताची, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मतही विचारात घेतात.

आडनावासाठी तर हा सगळा खटाटोप करायची गरजच नसते. पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये अकेला ललिता प्रकरणात सांगितलं. घटस्फोटानंतर नव्या नवऱ्याने मूल दत्तक घ्यायचं असेल तर ती वेगळी प्रक्रिया आहे. दत्तकाचं काम पाहणाऱ्या कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी होते आणि जन्मदात्या वडिलांची संमती लागते. ताब्याचा वाद चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत गाडी पुढे जात नाही. म्हणून आधी ताबा, मग दत्तक. दोन्ही एकदम सुरू केलं की दोन्ही अडकतं.

आता बालकल्याण समिती. अध्यक्ष आणि चार सदस्य, महिन्यात किमान २० दिवस बैठक, अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं कुठलंही मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढे आलं पाहिजे. समिती बसलेली नसेल तर एकट्या सदस्यापुढेही हजर करता येतं. मूल पोलीस आणू शकतात, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावरून आलेली टीम आणू शकते, शाळेतल्या बाई आणू शकतात, मूल स्वतःही जाऊ शकतं. आई-वडील सांभाळण्यास अपात्र किंवा अक्षम आहेत, असं ठरवण्याचा अधिकार समितीला आहे, आणि ‘पालकत्व हिरावणं’ या कल्पनेच्या जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट हीच. तरीही कायद्याचा कल मुलाला घरी परत नेण्याकडे आहे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. सामाजिक तपासणी अहवाल, ज्याला सगळे गृहचौकशी म्हणतात, १५ दिवसांत अपेक्षित असतो आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत.

सगळं प्रकरण या गृहचौकशीवर उभं असतं आणि तीच सर्वांत घाईत उरकली जाते. दुपारी दोन वाजता घरी गेलं, कुलूप होतं, शेजाऱ्याला विचारलं, “ठीक आहेत लोक” असं लिहिलं, झाली गृहचौकशी. येरवड्याच्या किंवा जनता वसाहतीच्या दहा बाय दहाच्या खोलीत दोघंही कामावर असतील तर दुपारी घर बंदच असणार. चांगला अहवाल म्हणजे संध्याकाळची किंवा रविवारची भेट आणि शाळेचा हजेरीपट. त्यात आजी-मावशी यांच्यापैकी कोण खरोखर सांभाळेल त्याचं नाव हवं, रात्री मूल कुणाजवळ झोपतं हे हवं, आणि मुलाशी एकट्याने झालेलं बोलणं हवं. घर गरीब आहे हे मूल काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही. गरिबी आणि हेळसांड यांतला फरक ज्या अहवालात दिसत नाही, तो समितीने परत पाठवावा, आणि पालकांनीही तशी लेखी विनंती करावी.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी घरातलाच असेल तर वेळ आणखी कमी असतो. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं आणि समितीने तीन दिवसांत ठरवायचं, की मुलाला त्या घरातून हलवायचं का. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांत हे आहे. त्यात मुलाचं मत, वय, आईची सांभाळण्याची तयारी आणि घरातल्या हिंसेचा इतिहास हे सगळं पाहायचं असतं. आई ठाम उभी असेल आणि आरोपी घराबाहेर असेल, तर मुलीलाच बालगृहात पाठवणं म्हणजे तिलाच शिक्षा.

गोंधळ होतो तो दोन टेबलांच्या मध्ये. घटस्फोटाच्या भांडणात एकजण मुलाला समितीपुढे नेऊन उभं करतो आणि तिथून ताबा मिळवू पाहतो. नवरा-बायकोतला ताब्याचा वाद सोडवणं हे समितीचं काम नाही. मूल खरोखर धोक्यात असेल तरच तिचा अधिकार सुरू होतो. उलट बाजूने, समितीने बापाला भेट बंद केलेली असते आणि कौटुंबिक न्यायालयात ते कुणी सांगितलेलंच नसतं, मग तिथून शनिवारच्या भेटीचा आदेश निघतो. यावर उपाय साधा आहे. एका ठिकाणचा आदेश हातात पडला की त्याची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी पुरशीस (लेखी निवेदन) करून दाखल करायची. समितीचा आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. प्रतिपालकत्व (मूल तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) आणि प्रायोजकत्व (मूल सांभाळण्यासाठी दरमहा मदत) याबद्दलचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. वकील परवडत नसेल तर बाई आणि मूल यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं. शिवाजीनगर न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा क्रमांक.

यापुढचा भाग सरेंडरचा. इथे एक सही कायमची असते, म्हणून इथे थोडं थांबू.

शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे मूल सांभाळणं खरोखर हाताबाहेर असेल, तर आई-वडील समितीपुढे मूल सरेंडर करू शकतात, म्हणजे दत्तकासाठी कायमचं सोपवू शकतात. बालन्याय कायद्याचं कलम ३५. जन्मदात्यांवर या चौकशीत गुन्हा नोंदवता येत नाही, हे कलम ३८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. हे वाक्य प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावावं असं मनापासून वाटतं. कारण पोलिसांच्या भीतीने बाळ रस्त्यावर सोडलं जातं, आणि बारा वर्षांखालच्या मुलाला असं टाकून देणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली गुन्हा आहे. सज्ञान अविवाहित आईने सरेंडरसाठी आधी पोलीस तक्रार करावी असा कुठलाही नियम नाही. आई स्वतःच १८ च्या आतली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे, आणि समितीपुढे एक नव्हे तर दोन मुलं आहेत हे लक्षात ठेवून दोन फाइली उघडायला हव्यात. बऱ्याचदा बाळाची फाइल जाड होत जाते आणि तिची उघडलीच जात नाही.

सही कुणाची लागते यावर सगळ्यात जास्त प्रकरणं घसरतात. जोडपं विवाहित असेल तर दोघांची. एकजण वारला असेल तर मृत्यूचा दाखला. लग्नाबाहेर जन्मलेल्या बाळासाठी फक्त आईची. आई अल्पवयीन असेल तर सोबतच्या सज्ञान व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही. विवाहित बाई एकटीच आली आणि नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल, तर ते सरेंडर धरत नाहीत. बाळाला सोडून दिलेलं मूल मानून पुढची प्रक्रिया होते. म्हणजे वर्तमानपत्रात फोटोसह निवेदन, पोलिसांचा शोध आणि त्याचा अहवाल. सरेंडर केलेल्या बाळाची जाहिरात कधीच देत नाहीत. नवऱ्याचा ससेमिरा नको म्हणून काहीजणी “मी अविवाहित” असं सांगतात. त्यांचं दुःख समजण्यासारखं आहे, पण चार महिन्यांनी नवरा उगवला तर तोवर दत्तक कुटुंबाशी जुळलेलं बाळ पुन्हा अधांतरी येतं. समुपदेशकाने हे तिला न रागावता, नीट बसवून सांगायचं असतं.

सही करण्याआधी तिला आणखी काय सांगायचं? बाळ दुसऱ्या राज्यात किंवा परदेशातही जाऊ शकतं. मोठं झाल्यावर ते आपलं मूळ शोधत येऊ शकतं. आणि मूल जवळ ठेवण्यासाठी पैशांचे मार्ग आहेत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतल्या प्रायोजकत्वातून महिना ४,००० रुपये मिळतात, त्यासाठी शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत लागतं. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये. हडपसर-वाघोलीच्या बांधकामावर काम करणाऱ्या बाईसाठी हा आकडा खोलीच्या भाड्याइतका असू शकतो. तो न सांगता घेतलेली सही ही पूर्ण माहितीने दिलेली संमती नव्हे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात होतो आणि मंजुरीला वेळ लागतो, म्हणून तो सरेंडरच्या चर्चेच्या दिवशीच भरून घ्यावा.

बाळंतपणाच्या वॉर्डात, तिसऱ्या दिवशी, ताप आणि दूध दाटलेलं असताना सही घेऊ नये. मजकूर तिच्या भाषेत वाचून दाखवावा. पुण्यात मराठवाड्यातून, कर्नाटकातून, बिहारमधून आलेल्या बाया असतात. दुभाषी असेल तर त्याचंही नाव आणि सही कागदावर हवी. अंगठा असेल तर वाचून दाखवल्याची नोंद हवी.

मग साठ दिवस. हे साठ दिवस सही झाल्यापासून मोजतात, बाळ संस्थेत ठेवल्यापासून नव्हे. या काळात बाळ सहा वर्षांच्या आतलं असेल तर विशेष दत्तक संस्थेत राहतं. पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातलं सोफोश या संस्थेचं श्रीवत्स, भारतीय समाज सेवा केंद्र अशा संस्था हे काम अनेक वर्षं करत आल्या आहेत. समितीला योग्य वाटलं तर बाळ देखरेखीखाली आईजवळही ठेवता येतं, पण या तरतुदीचा वापर फार कमी होतो.

“दोन महिने आहेत” एवढं सांगून भागत नाही. कॅलेंडर पुढे घ्या आणि तारखेवर बोट ठेवा. १० जूनला सही झाली, तर ९ ऑगस्ट. त्या दिवसापर्यंत बाळ परत मागता येईल, नंतर नाही. सरेंडर डीडची, म्हणजे सही केलेल्या कागदाची, एक प्रत आईला द्यायची असते. घरी सापडेल या भीतीने ती बहुतेकदा टेबलावरच ठेवून जाते. अशा वेळी निदान तारीख आणि समितीचा फोन क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून द्यावा, वर नाव न घालता. मन बदललं तर संस्थेच्या दारात जाऊन तोंडी सांगणं पुरत नाही. समितीच्या नावे दोन ओळींचा अर्ज लिहायचा आणि त्यावर तारखेसह पोच घ्यायची. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. १५ ऑगस्ट, गणपती, दिवाळी अशा सुट्ट्यांत साठावा दिवस येतो आणि कार्यालयाला कुलूप असतं. तसं झालंच तर एखाद्या सदस्याला गाठून अर्ज द्यावा आणि त्याच दिवशी ईमेलही करावा.

सरेंडर आणि बालगृहातला प्रवेश यांची सरमिसळ तर रोजची. शिक्षणासाठी, आजारपणामुळे, आई एकटी आहे म्हणून मूल समितीच्या आदेशाने बालगृहात ठेवलं, तर आई-वडिलांचा एकही हक्क जात नाही. पण तिथल्या भेटीच्या वहीवर सही होत राहिली पाहिजे. ज्यांना भेटायला कुणीच येत नाही आणि ज्यांचे पालक अपात्र ठरले आहेत, अशा मुलांची नावं आता दत्तकाच्या दृष्टीने तपासली जातात. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यांना संस्थांतल्या अनाथ, सोडलेल्या आणि सरेंडर केलेल्या मुलांचा नियमित शोध घ्यायला सांगितल्यापासून या कामाला वेग आला आहे. वर्षानुवर्षं संस्थेत अडकलेल्या मुलांसाठी हे चांगलंच आहे. पण ऊसतोडीला गेलेली आई सहा महिने येऊ शकत नसेल, तर तिने जाताना अधीक्षकांना तसं लेखी द्यावं, कारखान्याचं गाव आणि मुकादमाचा फोन क्रमांक लिहून ठेवावा, आणि महिन्याला एक फोन करून त्याची नोंद करायला सांगावी. रिकामी वही वाचणाऱ्याला ऊस दिसत नाही.

साठ दिवस संपले की संस्था प्रकरण समितीपुढे आणते आणि मूल दत्तकासाठी कायदेशीररित्या मुक्त घोषित होतं. त्या निर्णयाला किमान तीन सदस्य लागतात. अनाथ किंवा सोडलेल्या मुलाच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंतचं मूल असेल तर दोन महिने आणि मोठं असेल तर चार महिने, अशी मुदत कायद्यात आहे. इथेही नातं अजून तुटलेलं नसतं. कारामार्फत कुटुंब जुळतं, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यांनी दोन महिन्यांत आदेश द्यायचा असतो. १ सप्टेंबर २०२२ पूर्वी हे काम न्यायालयाचं होतं. तो आदेश लागू होतो त्या तारखेपासून जन्मकुटुंबाशी असलेले सगळे संबंध तुटून त्या जागी दत्तक कुटुंबाचे येतात, असं कलम ६३ म्हणतं. आधीच मुलाच्या नावावर झालेली मालमत्ता मात्र त्याचीच राहते.

या सगळ्याला बगल देणारा एक रस्ता पुण्यात अजून चालतो, तो म्हणजे स्टॅम्प पेपर. “आम्ही स्वखुशीने मूल दिलं,” दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. हिंदू दत्तक कायद्याखाली ओळखीत किंवा नात्यात थेट दत्तक देता येतं, पण त्याच्या अटी आहेत: आई-वडील दोघांची संमती, प्रत्यक्ष देणं-घेणं, मूल साधारणपणे १५ वर्षांच्या आतलं, आणि एकाही रुपयाचा व्यवहार नाही. मधे दवाखान्यातली आया, एजंट किंवा ‘खर्चाचे’ पैसे आले की ती मुलाची विक्री होते. बालन्याय कायद्याचं कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, दवाखान्याचा माणूस सामील असेल तर तीन ते सात वर्षं. नोटरीच्या कागदावर घेतलेल्या मुलाचा प्रश्न शाळाप्रवेशाला किंवा पासपोर्टला बाहेर पडतो आणि तोवर मूल त्या घरालाच आपलं घर मानत असतं.

सरेंडरच्या फाइलमध्ये एक जागा अशी आहे जी आई भरू शकते आणि बहुतेकदा कोरीच राहते. १८ पूर्ण झालेलं मूल स्वतः अर्ज करून आपलं मूळ विचारू शकतं, त्याआधी दत्तक आई-वडिलांसोबत. आईने सही करताना ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती विचारतात. म्हणून त्या दिवशी तिला विचारावं: नाव कळलेलं चालेल का, घरात साखर, दमा, फिट्स असं काही आहे का, बाळाला काही लिहून ठेवायचं आहे का. लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत, समाजसेविकेने लिहून घ्यावं आणि बाळाच्या फाइलला लावून पान क्रमांक टाकावा.